गिअर निघत नसेल तर आधी उलट्या बाजूला ढकला

या वेळी पत्रं बरीच आलीत पण जास्त जागा मी एकाच पत्राला देतोय. त्या पत्रात जे चाललंय तेच मी पंचवीस वर्षांपूर्वी केलं होतं आणि एक चांगला गिअर कायमचा घालवला होता, म्हणून वाटतं की निदान या गाडीचा तरी वाचावा.

प्रश्न : काका नमस्कार. आमच्या आजोबांची फोर्डची टी मॉडेल गाडी आहे, १९२५ ची, जुन्या वाड्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसएक वर्षं नुसती उभी होती. मागच्या दिवाळीपासून मी आणि चुलतभाऊ मिळून ती उभी करतोय, इंजिन चालू झालं, आता मागचा ॲक्सल खोललाय. हौसिंगचे म्हणजे बाहेरच्या कवचाचे दोन्ही भाग वेगळे झाले, क्राऊन म्हणजे मोठा गिअर निघाला, डिफरन्शियलचा (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरचा) गोळा खोलला. पण ॲक्सल शाफ्टच्या आतल्या टोकाला जो गिअर बसलाय तो दोन्हीपैकी एकाही शाफ्टवरून हलत नाहीये. तीन पायांचा पुलर (गिअर ओढून काढायचं हत्यार) लावला, त्याचा एक पायच तुटला. मग एका गॅरेजवाल्यानं गॅसनं दहा मिनिटं तापवला तरी जागचा हलला नाही, आता तो म्हणतोय कापून काढू. बायको म्हणते गाडी झाली की पहिल्यांदा तुळजापूरला जायचं. कापू का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : दादा, कापू नका. पुलर पण परत लावू नका आणि गॅसवाल्याला सांगा की आता राहू दे. तो गिअर गंजून अडकलेला नाहीये, म्हणजे थोडाफार गंज असेलच, पण तो न निघण्याचं खरं कारण असं की फोर्डनं तो त्या बाजूला निघूच नये म्हणून बसवलाय, आणि तुम्ही नेमकं त्याच बाजूला ओढताय.

नीट सांगतो. शाफ्टच्या आतल्या टोकाजवळ गोल फिरून एक खाच आहे. त्या खाचेत एक पोलादी रिंग बसते, पण ती अख्खी नसते, दोन अर्धुकं असतात, बांगडी मधोमध कापल्यासारखी. गिअरच्या तोंडाला एक खोलगट जागा केलेली असते आणि ती दोन अर्धुकं त्या खोलगट जागेत बसलेली असतात, त्यामुळं बाहेरून गिअर त्यांना सुटू देत नाही आणि आतून खाच त्यांना सरकू देत नाही. गिअर शाफ्टवर फिरू नये म्हणून चावी, म्हणजे दोघांच्या मधे बसवलेला पोलादी तुकडा, आणि गिअर टोकाकडून निसटू नये म्हणून ही रिंग. तुम्ही पुलरनं गिअर टोकाकडं ओढला की तो त्या दोन अर्धुकांवर येऊन अजून घट्ट दाबला जातो, जितका जोर लावाल तितकं कुलूप पक्कं. पुलरचा पाय तुटला यात पुलरचा काही दोष नाही, दुसरा आणला असता तर तोही तुटला असता किंवा मग गिअरचा दात गेला असता.

म्हणून क्रम उलटा आहे. आधी गिअर चाकाच्या बाजूला ढकलायचा, म्हणजे तुम्हाला काढायचाय त्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला. पाव इंचाच्या आसपास सरकला तरी पुरतो. मग ती दोन अर्धुकं उघडी पडतात, ती काढायची, आणि त्यानंतर गिअर टोकाकडून काढायचा. फोर्ड कंपनी त्या काळी गाडीच्या मालकाला जे छोटं पुस्तक द्यायची तेही प्रश्नोत्तरांचंच होतं आणि त्यात या गिअरचा प्रश्न आहे, उत्तरही हेच आहे.

मला हे कुणी शिकवलं ते सांगतो, कारण गाडीवाल्यानं नाही शिकवलं. मी आधी पूर्व भागात यंत्रमागाच्या फिटिंगला होतो, तिथं आमचे अण्णा जॉबर, म्हणजे मुकादम होते. मागाच्या शाफ्टवरचं चाक निघेना झालं की आम्ही पोरं घण उचलायचो, आणि अण्णा आधी हातातनं घण काढून घ्यायचे आणि म्हणायचे, चावी कुठाय ती दाखव. दाखवता आली नाही तर दिवसभर हात लावू द्यायचे नाहीत. पुढं गाड्यांच्या कामात आलो आणि पहिली टी मॉडेल हातात आली तेव्हा मात्र घाई केली, दोन दिवस पुलर लावून ओढत बसलो, शेवटी दोन दात तुटले, आणि मग वेस्टनं पुसताना ती रिंग दिसली. अजून तो गिअर माझ्या बेंचवर ठेवलाय.

आता तुमच्या शाफ्टवर काय करायचं ते.

पहिलं काम फक्त बघायचं आहे. गिअरचं तोंड, म्हणजे शाफ्टचं टोक दिसतं ती बाजू, रॉकेलनं धुवा, तारेच्या ब्रशनं घासा, कॉटन वेस्टनं कोरडी करा आणि उन्हात धरा. ट्यूबलाइटखाली नाही दिसत, खरंच उन्हात धरा. शंभर वर्षांचं ग्रीस वाळून राळेसारखं झालेलं असतं आणि ते नेमकं त्या खोलगट जागेत भरून सपाट झालेलं असतं, त्यामुळं ते गिअरचाच भाग वाटतं. टोकदार सळईनं कोरून काढलंत की शाफ्टभोवती एक वर्तुळ दिसेल, आणि त्या वर्तुळाला समोरासमोर दोन ठिकाणी केसाएवढी बारीक आडवी रेघ दिसेल. ती रेघ म्हणजे दोन अर्धुकांचा सांधा. ती दिसली की समजा अर्धं काम झालं. त्या गॅरेजवाल्याला पण बोलावून दाखवा, त्याच्याही उपयोगाला येईल पुढं.

मग तेल. बाजारातलं पेनिट्रेटिंग ऑइल चालतं, मी स्वतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं करून वापरतो, पण ॲसिटोन भडकन पेट घेतं त्यामुळं ते लावल्यावर गॅस, स्टोव्ह, बिडी काहीही जवळ नको, आणि दार उघडं ठेवून काम करा. शाफ्ट उभा करून ठेवा, गिअर वर, आणि सकाळ-संध्याकाळ तेल सोडत रहा, दुसऱ्या दिवशी उलटा करून पाठीमागून सोडा. तीन दिवस जाऊ द्या. चाळीस वर्षं थांबलेली गाडी आहे, तीन दिवसांनी काही बिघडत नाही.

मग ढकलायचं. यासाठी एक जाड पाईपचा तुकडा लागेल, दोन्ही तोंडं लेथवर सपाट केलेला. पाईपचं भोक इतकं मोठं हवं की तो रिंगच्या बाहेरून गिअरच्या तोंडावर टेकेल. रिंगवर टेकला तर तुम्ही रिंगच दाबत बसाल आणि काहीच हलणार नाही, आणि दातांवर टेकला तर दात जातील. ही मापं घेऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही टर्नरकडं जा, अर्ध्या तासाचं काम आहे. शाफ्टचं चाकाकडचं टोक खाली येणार, तिथं आटे आहेत आणि टेपर, म्हणजे निमुळता भाग आहे, ते टोक कधीही फरशीवर किंवा लोखंडावर टेकवू नका. जुनं नट टोकाशी बरोबर होईल इतकं फिरवून लावा आणि खाली बाभळीचा ठोकळा किंवा पितळेचा तुकडा ठेवा. आता पाईप वरून घालून दोन-तीन किलोच्या हातोड्यानं सरळ ठोके द्या. जोरात एकच घाव घालण्यापेक्षा मध्यम असे लागोपाठ द्या, दर चार ठोक्यांनी थांबून रेघ बघा. सरकायला लागला की आवाज बदलतो, आधी ठण्ण असा येत असतो तो जरा बसका होतो, कानाला लगेच कळतं.

प्रेस मिळाली तर उत्तमच, पण या पहिल्या पायरीला प्रेसवर मी सावध असतो कारण लांब शाफ्ट दोन टोकांतून दाबला की मधे वाकायची भीती असते. हलका दाब देऊन ठेवायचा आणि गिअरवर बाजूनं पितळी ड्रिफ्टनं, म्हणजे जाड पितळी सळईनं ठोका द्यायचा, हे चालतं. नुसता दाब वाढवत जायचं नाही.

गिअर मागं सरकला, रिंग उघडी पडली. ती अर्धुकं खाचेत चिकटलेली असतात, बारीक छिन्नी किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर सांध्याच्या रेघेत घालून हळूच उचकटा. डोळ्याला चष्मा लावा, ती उडतात. दोन्ही शाफ्टची अर्धुकं वेगवेगळ्या डबीत ठेवा, डावा-उजवा लिहून.

आता मात्र प्रेसवर जा. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या बऱ्याच गॅरेजात २० टनाची हायड्रॉलिक प्रेस असते, साखर कारखान्याच्या वर्कशॉपात ओळख असेल तर अजूनच छान. शाफ्ट गिअर वर करून उभा लटकवायचा, गिअरच्या पाठीखाली यू आकारात कापलेल्या दोन जाड प्लेटा अगदी शाफ्टला भिडवून, आणि वरून शाफ्टच्या टोकावर दाब. शाफ्ट खाली जातो, गिअर वर मोकळा होतो. सुटताना तो एकदम सुटतो आणि शाफ्ट धपकन खाली पडतो, तर खाली पोतं किंवा जुना टायर टाका आणि पाय लांब ठेवा. चावी शाफ्टच्या खाचेतच राहिली तर राहू द्या, नंतर काढा.

एवढं करूनही हलला नाही तर उष्णता, पण गॅसकटरची नाही. हिशोब बघा, तो शाफ्ट १ १/१६ इंच म्हणजे साधारण २७ मिमी जाडीचा आहे. गिअर शाफ्टपेक्षा १०० अंशांनी जास्त गरम केला तर त्याचं भोक सुमारे ०.०३ मिमीनं मोठं होतं, म्हणजे एक थाऊच्या, इंचाच्या हजाराव्या भागाच्या, जरा वर. ऐकायला काहीच नाही पण घट्ट बसलेल्या गिअरला तेवढंच हवं असतं. म्हणजे १२०-१३० अंश पुरेत, ते हीट गननं होतं, आणि त्याच वेळी शाफ्टभोवती बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळायच्या. गिअरवर थेंबभर पाणी टाकून चुर्र होऊन उडालं की झालं, तेवढंच. पण आधीचं ॲसिटोनचं तेल पूर्ण पुसून, वाळवून मगच गरम करा, हे विसरू नका.

तुमच्या गॅसनं तापवलेल्या गिअरबद्दल मला काळजी वाटतेय. तो दात घासू नयेत म्हणून वरून कडक केलेला असतो, आणि २०० अंशांच्या पुढं जसजसं जाल तसतसा तो कडकपणा उतरत जातो. पोलाद स्वतःच सांगतं, साफ केलेल्या जागी गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला तर सव्वादोनशेच्या आसपास गेलंय, निळा आला तर तीनशेच्या जवळ. तुमच्या गिअरचे दात पुसून बघा. निळे असतील तर बारीक कानस घेऊन दाताच्या कोपऱ्यावर अलगद ओढा, कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर दात अजून कडक आहेत, चावली आणि कीस निघाला तर तो गिअर वापरू नका. नवीन मिळतो, टी मॉडेलचे भाग अजून बाहेरदेशी बनतात आणि पोस्टानं येतात. पण तोही बदलायचा झाला तरी जुना काढायचा याच पद्धतीनं, कारण कापायला गेलात तर ग्राइंडरचं चाक शाफ्टला लागणार आणि मग शाफ्ट पण गेला.

बसवताना सगळं उलटं. चावी नवीन घाला, गिअर गरजेपेक्षा पुढं चढवा, रिंगची अर्धुकं ग्रीस लावून खाचेत चिकटवा आणि मग गिअर टोकाकडं दाबून त्यांच्यावर आणा. अर्धुकं पूर्णपणे त्या खोलगट जागेत गेलीत का ते बोट फिरवून बघा, एक जरी अर्धुक वर राहिलं असेल तर गाडी चालताना गिअर सरकेल. दोन्ही शाफ्टच्या टोकांच्या मधे एक फायबरची चकती असते ती नवी घाला. आणि शाफ्ट परत घालायच्या आधी लेथवर सेंटरला धरून डायल (वाक मोजायचं घड्याळ) लावून घ्या, वाकला असेल तर तिथंच कळेल.

एक जाता जाता विचारतो, तुमच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडं आहे का? फोर्डची मुंबईतली कंपनी १९२६ ला सुरू झाली, तुमची गाडी त्याच्या आधीची, तर ती बहुतेक कॅनडाच्या कारखान्यातली असणार. बॉडीच्या लाकडात चौकोनी खाचेचे स्क्रू सापडले तर ते कॅनडाचेच, साध्या स्क्रू ड्रायव्हरनं त्यांची तोंडं खराब करू नका.

प्रश्न : आमच्या ओळखीच्यांची पण टी मॉडेल आहे, मागचा ॲक्सल कधीच उघडलेला नाही पण गाडी छान पळते, आवाज नाही. मिस्त्री म्हणतात चालतंय ते कशाला खोलायचं. तुम्ही मागं एकदा लिहिलं होतं की खोलाच. का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : कारण टी मॉडेलचा पायातला ब्रेक चाकावर नाही, गिअरबॉक्समधे आहे. ही एकच गोष्ट तुमच्या मिस्त्रींना सांगा, ते लगेच समजतील.

तीन पेडलपैकी उजवीकडचं ब्रेकचं, ते दाबलं की इंजिनामागच्या ट्रान्समिशनच्या ड्रमवर पट्टा आवळला जातो. म्हणजे तिथून चाकापर्यंत ब्रेक पोचायचा तर तो मधला लांब शाफ्ट, मग पिनियन हा छोटा गिअर, मग क्राऊन, मग डिफरन्शियल, मग ॲक्सल, एवढ्या सगळ्यातून जायला लागतो. पिनियनला ११ दात, क्राऊनला ४०, ते एकमेकांत अडकलेले आहेत तोवर ब्रेक आहे. सुटले की ब्रेक नाही.

आणि ते एकमेकांत अडकून राहतात कशामुळं, तर डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना असलेल्या थ्रस्ट वॉशरमुळं, म्हणजे बाजूचा दाब झेलणाऱ्या चकत्यांमुळं. फोर्डनं ते व्हाइट मेटलचे घातले, बॅबिट म्हणतात ते. सोलापुरात गिरणीत काम केलेल्या कुणालाही व्हाइट मेटल माहितीय, बेअरिंगला फार चांगलं पण मऊ. शंभर वर्षांत त्याला तडे जातात, तुकडे पडतात, आणि हे सगळं आत, तेलात, बाहेर काही आवाज न करता चालू असतं. ज्या दिवशी वॉशर पूर्ण चुरा होतो त्या दिवशी क्राऊन बाजूला सरकतो आणि पिनियनपासून सुटतो. गाडी सपाट रस्त्यावर असेल तर फक्त थांबते, ओढून आणता येते. तुळजापूरच्या घाटातून उतरताना असेल तर पाय पेडलवर कितीही दाबा, काही होत नाही, उरतो तो फक्त हातातला लिव्हर, जो मागच्या चाकातल्या ड्रमात ब्रेकचे बिडाचे छोटे बूट दाबतो, आणि तो मुळात गाडी उभी करून ठेवायला दिलेला आहे.

मी ज्या ॲक्सलमधे हात घातला त्यातल्या एका वॉशरचे माझ्या तळहातावर सात तुकडे झाले होते. ती गाडी आदल्याच आठवड्यात लग्नात नवरदेवाला घेऊन फिरली होती आणि मालक म्हणत होते की आवाज काही नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून खोला. ब्राँझचे वॉशर घाला, तयार मिळतात, नाहीतर जुन्याचं माप घेऊन फॉस्फर ब्राँझच्या गोल सळईतून टर्नर काढून देतो, पण दोन्ही तोंडं समांतर हवीत आणि पिनची भोकं जुन्यासारखीच हवीत, त्यात तडजोड नाही. हौसिंग जुळवताना क्राऊन-पिनियनमधे हाताला किंचित टिकटिक जाणवेल एवढी मोकळीक ठेवा, पूर्ण एक फेरी फिरवून बघा, कुठं जड नको. ज्यांना घाटात जायचंय त्यांनी मागच्या चाकांना बाहेरून आवळणारे जास्तीचे ब्रेक लावून घ्यावेत, असे ब्रेक त्या काळापासून मिळतात. होटगी रोडचे दादा, बायकोला तुळजापूरला न्यायच्या आधी हे तुमच्याही गाडीला करा, ॲक्सल उघडाच आहे तुमचा.

प्रश्न : माझ्याकडं फोर्डचीच ए मॉडेल आहे, १९३० ची. मागचं ब्रेक ड्रम आणि हब (चाकाचा मधला भाग) टेपरवर जाम झालंय. एकानं सांगितलं की नट सैल करून टोकावर घणाचा एक घाव घातला की सुटतं. आणि आतला गिअर पण खराब वाटतोय, तो तुम्ही म्हणता तसा रिंग काढून निघेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, नाही निघणार. ए मॉडेलमधे फोर्डनं ती पद्धतच बदलली, गिअर आणि ॲक्सल शाफ्ट एकाच तुकड्यातून घडवलेला आहे. गिअर खराब म्हणजे शाफ्टच बदलायचा. उगाच प्रेसवर चढवू नका, रिंग नाही, चावी नाही, काही नाही तिथं.

हबसाठी टोकावर घाव घालू नका ताई. बाहेरून बघताना वाटतं धक्का हबला बसतोय, पण तो शाफ्टमधून सरळ आत जातो आणि आत डिफरन्शियलमधे जाऊन बसतो. शिवाय आटे चेपतात ते वेगळंच. ए मॉडेलच्या हबला बाहेरून पकडून घेणारा खास पुलर मिळतो, मधल्या बोल्टनं शाफ्टवर दाब देऊन हब ओढतो. तो लावायचा, चांगला आवळायचा, आणि तसाच सोडून घरी जायचं. खरंच सांगतो, सकाळी आलं की पुष्कळदा हब सुटून पुलरसकट लटकत असतं. रात्रभराच्या ताणात आणि दिवसा-रात्रीच्या गरम-गारात ते हळूच सुटतं, आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी ४० च्या वर आणि पहाटे जरा गार, त्याचाही फायदा घ्या. नट मात्र दोन आटे राखून तसंच ठेवा, म्हणजे सुटलं तर हब कुणाच्या पायावर पडणार नाही. ब्रेक ड्रम आधी मागं खेचून बूट मोकळे झालेत का तेही बघा, ड्रमला आत खड्डा पडून कड उभी राहिली असेल तर हब सुटूनही ड्रम अडकून राहतं आणि आपल्याला वाटतं टेपरच सुटत नाहीये.

परत बसवताना टेपर दोन्ही बाजूंनी कोरडा आणि स्वच्छ हवा, तेल-ग्रीस नको. नट १०० फूट-पाउंडापेक्षा कमी कसायचं नाही, आणि थोडी चालवल्यावर परत कसायचं. टेपर हलत राहिला की हबची चावी कापली जाते आणि मग शाफ्टपण खातो.

प्रश्न : टी मॉडेलच्या मागच्या ॲक्सलमधे तेल किती भरायचं? आमच्या ब्रेकच्या ड्रमात सारखं तेल उतरतंय.
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : तुम्ही तेल भरायच्या भोकापर्यंत भरताय, म्हणूनच उतरतंय. या ॲक्सलला आतून आजच्यासारखे रबरी सील नव्हते. हौसिंगच्या भोकाच्या बऱ्यापैकी खालीच पातळी ठेवा, जाड गिअर ऑइल, १४० ग्रेडच्या आसपासचं. आता ड्रममधलं आणि बुटांवरचं तेल पेट्रोलनं धुवून टाका, आणि बाहेरच्या बेअरिंगजवळचा सील नवा घाला, हल्ली या मापाचे आधुनिक सील मिळतात.

प्रश्न : काका, ही सगळी मेहनत करून गाडी रस्त्यावर आणली तर कागदपत्रांचं काय? आमच्याकडं जुनं आरसी बुकच नाहीये, आरटीओत काय सांगायचं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : २०२१ साली केंद्राचे नियम बदलले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या खाजगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्यानं नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांनी परत करायची तर ५,०००. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवायला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशासाठीच. आरसी बुक हरवलं असेल तर आधी घरातल्या ट्रंका उघडा, जुनी विम्याची पावती, कर भरल्याची पावती, आजोबांच्या नावाचं काहीही, ते सगळं जपून फायलीत लावा आणि इंजिनवरचा नंबर साफ करून त्याचा फोटो काढून ठेवा. टी मॉडेलचा नंबर इंजिनच्या ब्लॉकवर डाव्या बाजूला, पाण्याच्या नळीच्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशनं जोरात घासू नका तिथं, रॉकेल आणि मऊ फडकं.